शेंदूर लावलेला बेडूक

घटस्थापना तोंडावर आली की करवलपाड्यातल्या बायका गोधड्या धुवायला खदानीवर जात. टिटवाळ्याच्या नव्या इमारतींनी नदी नासवली होती, सुरुंगांच्या दणक्यांनी विहिरींचे झरे फिरले होते, आणि उरलं होतं ते पावसाळ्यात खदानीच्या खड्ड्यात साचलेलं पाणी. ज्या खड्ड्यानं गावाचं पाणी तोडलं त्याच खड्ड्यात गावानं धुणं धुवायचं. यातली थट्टा बायकांना कळत नव्हती असं नाही. पण कुबट वासाच्या गोधड्या घरात ठेवून घट बसवता येत नाहीत.

आवडाबाईला त्या पाण्यात पाय घालताना दरवर्षी राग येई. डोंगर तिच्या सासऱ्याचा होता. वरकस जमीन, गवत व्हायचं, करवंदं व्हायची, दोन गुरं त्यावर निघायची. गावचाच अण्णा आधी रेतीत होता, मग प्लॉटिंगमध्ये गेला, मग खडीत. कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंत टॉवर उठायला लागले तेव्हा त्याला शेजारचा डोंगर एकाएकी दिसायला लागला. आवडाबाईच्या नवऱ्यानं, काळुरामनं, करारावर सही केली ती अण्णाच्या जीपमध्ये बसून. घरी येऊन सांगितलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

करारात काळुरामला खदानीवर कामही मिळालं. काम काय, तर सुरुंग उडायच्या आधी वरच्या रस्त्यावर लाल झेंडा घेऊन उभं राहायचं, गाड्या थांबवायच्या, खाली कोणी नाही ना बघायचं आणि शिट्टी फुंकायची. शिट्टी वाजल्याशिवाय बटण दाबायचं नाही असा नियम होता. खदानीत तेवढा एकच नियम पाळला जाई, कारण मागे एकदा तो मोडला तेव्हा एका डंपरवाल्याचा पाय गेला होता.

"डोंगर दिला न् शिट्टी घेतली," आवडाबाई चिडली की म्हणे. काळुराम त्यावर शिट्टी सदऱ्याच्या टोकानं पुसत बसे.

त्या वर्षी तिनं खदानीच्या मधल्या टप्प्यावरची एक सपाट लादी धुण्यासाठी धरली. वरखाली सगळा काळा कठीण कातळ, आणि मधोमध हातभर जाडीचा मऊ, राखाडी पट्टा सबंध टप्पाभर गेलेला. जड गोधडी त्यावर टाकून ती धोपाटण्यानं बडवत होती. खांदे भरून आले होते. गोधडी उलटायला उचलली तर तिच्याबरोबर दगडाचा पापुद्राही उचलला गेला, आणि खाली बेडूक दिसला.

तिला वाटलं, मेलेला सुकून चिकटलाय. नखानं काढायला गेली तर नख फुटलं. बेडूक दगडातच होता. पाय दुमडलेले, पाठीचा कणा, पुढच्या पायाची बारीक बारीक बोटं, सगळं जागच्या जागी.

"करिश्मा, हित ये," तिनं गोधडी पिळणाऱ्या लेकीला हाक मारली. "यो बेरूक बघ कसा बसलाय."

करिश्मा कल्याणला कॉलेजात जाई. तिनं मोबाइलवर फोटो काढला आणि भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या प्रीती मॅडमना पाठवला. मॅडम ठाकुर्लीला राहत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिक्षा करून गावात हजर झाल्या आणि साडीचा काठ चिखलात लोळतोय याचं भान न ठेवता लादीपुढे गुडघ्यावर बसल्या.

"मावशी, हा साडेसहा कोटी वर्षांचा तरी असेल," त्या शेवटी म्हणाल्या.

"म्हंजी माझे सासूच्याबी आधीचा," आवडाबाई म्हणाली.

मॅडम हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. मग त्यांनी समजावून सांगितलं. इथं जमिनीतून तापलेला रस आला, वाहत पसरला आणि थंड होऊन त्याचा कातळ झाला. मग बरीच वर्षं काहीच आलं नाही. त्या उसंतीत इथं तळं साचलं, काठानं झाडं आली, बेडूक, कासवं झाली. मग पुन्हा रस आला आणि सगळं झाकून गेलं. हा राखाडी पट्टा म्हणजे त्या तळ्याचा गाळ. त्यांनी पट्ट्यावर बोट फिरवत एक पान दाखवलं, शिरांसकट. पुढे अजून एक बेडूक, अर्धाच.

"मंग घेऊन जाताव काय यो?" आवडाबाईनं विचारलं.

"नाही. एक नेला तर तो कपाटातला एक दगड होईल. कोण कुठं होतं, कशाशेजारी होतं, हे जागेवरच कळतं. हा सगळा पट्टा जागेवर राहिला पाहिजे."

आवडाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोंगरावर आजवर जो कोणी चढला त्यानं यातून काय निघेल एवढंच विचारलं होतं. राहिला पाहिजे असं म्हणणारं हे पहिलंच माणूस होतं.

"मी ठाण्याला खाणींच्या सरकारी ऑफिसात जाऊन येते," मॅडम जाताना म्हणाल्या. "तोपर्यंत इथं कोणाला हात लावू देऊ नका."

आवडाबाईनं मान हलवली. रिक्षा वळल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण काय कबूल करून बसलो.

दसऱ्याला कॉम्प्रेसरला, डंपरला, क्रशरला झेंडूच्या माळा पडल्या. खड्ड्यातलं पाणी पंप लावून उपसलं. दुसऱ्या दिवशी ती भाकरी बांधून टप्प्यावर गेली तर राखाडी पट्ट्याच्या वर ओळीनं चुन्याच्या फुल्या मारलेल्या होत्या. भोकं मारायच्या जागा. जगन मशीन जोडत होता. रस्त्यापलीकडच्या बौद्धवाड्यातला हा माणूस तिच्या डोळ्यांदेखत खदानीत म्हातारा होत चालला होता. मशीन धरून धरून त्याचे हात असे झाले होते की चहाचा कप दोन्ही हातांत धरावा लागे, आणि कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू जात नसे.

"जगन, हित मशीन नको लावू," ती ओरडली.

"खुणा मी नाय मारल्या काकी. अण्णाशेठनी मारून घेतल्यात. मी नाही लावली तर दुसरा लावेल."

"मंग कोनीच लावनार नाय असं कवा होल?"

जगननं हातातला पाना खाली ठेवला. "देव निघाला तर. मागे वरच्या खदानीत शेंदराचा दगड निघाला, तर पोकलेनवाला चावी टाकून गेलेला." मग थोडं थांबून म्हणाला, "माझा नाही तो देव, तुला माहितीये. पण उद्या फुटला तर गाव फाडणार मलाच. शेठला कोण विचारत नाय."

त्या दिवशी त्याला मशीनचा पाइप फाटलेला सापडला. काम उद्यावर गेलं. तो पाइप कसा फाटला ते तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आवडाबाई शेंदूर आणि तेलाची वाटी घेऊन टप्प्यावर उतरली. दरवर्षी गावदेवीला शेंदूर लावणारे तेच हात. तेलात शेंदूर कालवून तिनं बेडकावर जाड थापला, आजूबाजूच्या लादीवर थापला, वर दोन फुलं ठेवली आणि सकाळी घटकाभर येणाऱ्या नळावर येऊन बायकांना सांगितलं, "मना सपान परला. देव बोलला, मी खदानीत हाय, मना फोरू देव नको."

काळुराम शेजारीच तोंड धूत होता. बायको रात्रभर घोरत होती हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तो चूळ भरून घरात गेला.

दुपारपर्यंत नारळ फुटायला लागले. जगननं मशीन खाली उतरवलं. अण्णा स्वतः आला, चपला काढल्या, हात जोडले आणि काही न बोलता गेला. दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली, दुसऱ्या टोकाला सुरुंग उडत राहिले, पण त्या पट्ट्याला कोणी बोट लावलं नाही. आवडाबाईला जन्मात पहिल्यांदा आपण अण्णाच्या वरचढ झालो असं वाटलं. रोज संध्याकाळी ती जाऊन शेंदराचा नवा हात देई.

मॅडम ठाण्याच्या खेपा घालून परत आल्या त्या दिवशी मात्र ती वरचढपणाची हवा गेली. त्या लादीपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा पडला.

"मावशी, हे काय केलंत?"

"थांबिवला ना?"

"थांबवलंत. पण तेल शिरलं असणार यात. आणि मी ऑफिसातल्या साहेबांना आणणार होते. त्यांना आता काय दाखवू?"

आवडाबाई भडकली. "मॅडम, तुमचा कागद ठान्याशी निघून हित येईस्तोवर यो डोंगर खडी होऊन कल्यानच्या टावरात गेला असता. मी काय करनार व्हती? शिकलेली असती तं कागद केला असता. मना शेंदूर लावता येतो, तो लावला."

"खरं आहे," मॅडम म्हणाल्या. मग पिशवीतून त्यांनी पाण्याची बाटली काढली आणि दोघी एकाच बाटलीतलं पाणी प्यायल्या.

साहेब आले ते अण्णाच्या गाडीतून. आधी अण्णाच्या बंगल्यावर जेवले, मग सुपारी चघळत टप्प्यावर उतरले. शेंदूर पाहिला आणि लगबगीनं बूट काढले.

"इथं तर देवस्थान आहे," ते म्हणाले. "लोकांच्या भावनेचा प्रश्न. आमचं इथं काही काम नाही."

"सर, शेंदराखाली बघा तरी," मॅडम म्हणाल्या. "पट्ट्यावर पुढे चला, मी पानं दाखवते."

"देवाला खरवडू म्हणता मॅडम?"

जमलेल्या लोकांतून एक जण मॅडमना ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलला, "ह्या लोकांना देव नकोच असतो." चारजण हसले. मॅडमचं आडनाव गावानं पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. त्या साहेबांच्या मागून न जाता तिथंच उभ्या राहिल्या. जगन मशीनजवळ मान खाली घालून नट घासत होता, घासायची गरज नसलेला.

आवडाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तोंड उघडेना. बोलायचं तर पहिला शेंदूर कोणी लावला ते बोलावं लागलं असतं. आपल्याच हातानं लावलेल्या रंगाआडून गावानं या बाईला जात दाखवली, आणि आपण पदर सावरत उभे राहिलो, हे तिला घास गिळू देईना. त्या रात्रीची भाकरी तिनं तशीच झाकून ठेवली.

साहेबांची गाडी गेल्यावर अण्णाला कंठ फुटला.

"वहिनी, देव खड्ड्यात धूळ खात बसलाय, बरं दिसत नाय. रस्त्याला मंदिर बांधून देतो. लाद्या, शिखर, भोंगा, सगळं माझ्याकडून. वाजतगाजत देव वर आणू. पहिला हात तुमचा. तुमच्या सपनात आला, तुम्ही हात लावल्याशिवाय तो उठायचा नाय, ही रीत आहे."

गाव खूश झालं. आणि आवडाबाईला एकदम कळलं की हा इतके दिवस हात जोडून का गप्प होता. देव काय, चार माणसं लावून उचलता येतो. पट्टा उचलता येत नाही. देव वर गेला की खाली राहील तो नुसता दगड, आणि दगडासाठी कोणी चपला काढत नाही.

करिश्माच्या फोनवर मॅडमचा निरोप आला. वरच्या ऑफिसातले दुसरे अधिकारी सोमवारी येणार होते, स्वतःच्या गाडीनं. मॅडमनी त्यांना जुना फोटो पाठवला होता, शेंदराच्या आधीचा. सोमवारपर्यंत पट्टा जागेवर राहिला तर काम थांबवता येईल. अण्णाच्या कानावर ते कसं गेलं कोण जाणे. मिरवणूक रविवारी ठरली.

रविवारी सकाळी ब्रास बँड आला. अण्णानं तिच्यासाठी जरीची साडी पाठवली होती. ती तिनं घडीसकट खाटेवर ठेवली आणि आपलं धुतलेलं जुनं लुगडं नेसून निघाली. सगळं गाव खदानीत उतरलं. पोरी लादीभोवती फेर धरून उभ्या, म्हातारे बाजूला, बँडवाले उतारावर. काळुराम वर रस्त्यावर, गळ्यात शिट्टी.

"या वहिनी," अण्णा म्हणाला.

ती खाली वाकली. वाकताना तिला लादीच्या मागे अंथरलेली गोणपाटं दिसली. गोणपाटांखालून पिवळी वायर बाहेर आली होती. तिनं एका गोणपाटाचं टोक उचललं. खाली भोक, आणि भोकाच्या तोंडाला ओल्या मातीचा बुच. तिनं दुसरं उचललं, तिसरं उचललं. सबंध पट्ट्यावर ओळीनं सुरुंग भरून तयार होते. देव अजून हलला नव्हता. त्याच्यापुढे हात जोडून उभ्या असलेल्या गावातल्या पोरीबाळी दारूवर उभ्या होत्या.

"जगन," ती ओरडली. "यो कवा भरला?"

जगननं अण्णाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "भोकं रात्री मारली, दारू पहाटे. शेठ बोलले, देव उठला की लगेच उडवायचं. माणसं वर गेल्यावर."

"वहिनी, मुहूर्त टळतोय," अण्णा म्हणाला.

आवडाबाई सरळ उभी राहिली. तिचा आवाज चिरका होता, पण बँड थांबला होता.

"यो देव नाय. मना सपान परला नव्हता. शेंदूर मी लावला. मी खोटा बोलली."

एक म्हातारी म्हणाली, "जीभ झरंल तुझी."

"झरू दे. जगन, तुझा डिझेलचा डबा आन."

जगननं डबा आणि मशीन पुसायचा बोळा तिच्या हातात दिला. ती लादीवर बसली आणि घासायला लागली. गोधड्या धुवायची तीच जागा, तेच खांदे. शेंदराचे थरावर थर सुटून लाल चिखल तिच्या कोपरांपर्यंत आला. मागे शिव्या चालल्या होत्या. कोणीतरी फेकलेला नारळ तिच्या पाठीला लागला. ती घासत राहिली.

लादी राखाडी झाली. शेंदूर राहिला तो फक्त खोलगट जागेत, जिथं डिझेलचा बोळा पोचला नाही. त्यामुळे बेडूक लालभडक उमटला. दुमडलेले पाय, कणा, एकेक बोट. इतके दिवस नारळ फोडणाऱ्या गावानं तो पहिल्यांदाच पाहिला. पुढची माणसं वाकली, मागच्यांनी टाचा उंचावल्या. शिव्या जरा कमी झाल्या.

"बेडूक आहे," कोणीतरी म्हणालं.

"बेरूकच हाय," आवडाबाई म्हणाली. "हित तलाव व्हता. आपुन नव्हतो तवा यो हित व्हता. उद्या बघायला मानसं येतात, म्हनून ह्यानं आज दारू भरली. न् तुम्हाला तिच्यावर उभं केला."

माणसांनी पायाखाली पाहिलं आणि पोरींना ओढत मागे घेतलं. पण अण्णा हसत होता.

"बरं झालं वहिनी, तुम्हीच बोललात. देव नाही तर मग दगड आहे. आणि दगड माझ्या करारातला आहे, नवऱ्याची सही आहे तुमच्या. चला रे, सगळे वर सरा."

खरं होतं ते. देव म्हणावं तर उचलून नेणार, दगड म्हणावं तर फोडणार. गाव हळूहळू उतार चढायला लागलं. काहींच्या नजरा फिरल्या होत्या, काही जण जाताना थुंकले. करिश्मानं आईचा दंड धरला. आवडाबाईनं तिला वर पाठवलं आणि बेडकाच्या शेजारी मांडी घालून बसली.

"बसू दे," अण्णा वर चढून म्हणाला. "सुरुंगाच्या गावची बाई आहे. शिट्टी ऐकली की आपली आपण उठेल. जगन, वायर जोड. काळू, वाजव."

जगन लांब, आडोशाच्या पत्र्यामागे सुरुंगाच्या बटणाची पेटी घेऊन बसला होता. त्यानं वायर जोडली आणि बटणापासून बोट बाजूला ठेवून रस्त्याकडे बघत राहिला. सगळं गाव रस्त्याकडे बघत होतं. खालून आवडाबाईलाही नवरा दिसत होता, उन्हात बारीकसा, हातात लाल झेंडा. त्यानं शिट्टी तोंडात धरली.

तिनं मान वळवली. डोंगर दिला तेव्हा त्यानं विचारलं नव्हतं, आताही विचारणार नाही असं तिला वाटलं. तिनं बेडकावर पदर टाकला. त्यानं काय होणार होतं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"काळू, बहिरा झालास का?" अण्णाचा आवाज आला. मग पुन्हा, चढा.

तिनं वर पाहिलं तर रस्त्यावर कोणी नव्हतं. काळुराम उतारावरून खाली येत होता, सावकाश, गुडघ्यावर हात देत, खडीवरून घसरत. शिट्टी गळ्यात लोंबत होती. अण्णा त्याच्या मागून त्याच्या आईबापाचा उद्धार करत दहा पावलं उतरला, खालची भरलेली भोकं दिसली तसा तिथंच थांबला. त्यापुढे यायला तो धजला नाही.

काळुराम टप्प्यावर पोचला. त्याला धाप लागली होती. त्यानं बायकोच्या लाल हातांकडे पाहिलं, बेडकाकडे पाहिलं.

"सर जरा," तो म्हणाला.

ती सरकली. त्यानं लाल झेंडा घडी करून खाली घातला आणि तिच्या शेजारी बसला. वर अण्णा ओरडत होता, जगनला, गावाला, कोणालाही. जगननं पेटीची वायर सोडवली आणि हातावर गुंडाळायला लागला. अण्णा त्याच्या अंगावर धावून गेला तेव्हा त्यानं कानाशी हात नेऊन, ऐकू येत नसल्यासारखं, एवढंच सांगितलं.

"शिट्टी नाय वाजली शेठ."